एक कान घराकडे

३ मार्च

मी कुणाचं बोलणं ऐकत नाही. हे सुरुवातीलाच लिहून ठेवते. कानावर पडतं, ही वेगळी गोष्ट.

काल जेवताना सूनबाई चिरंजिवांच्या कानाशी लागून म्हणाली, सूप जरा अळणी झालंय. मी स्वयंपाकघरात होते, नळ चालू होता. तरी मिठाची डबी घेऊन हजर झाले. कुठलीही सून खूश झाली असती. हिने चमचा खाली ठेवला.

गेल्या आठवड्यात बंद दाराआड ती ऑफिसातल्या साहेबिणीची गाऱ्हाणी सांगत होती. मी बाहेरूनच एका वाक्यात तोडगा सांगितला. तोडगा उत्तम होता. अजून आभार नाहीत.

आज चिरंजीव माझ्यासाठी एक म्युझिक प्लेअर घेऊन आले. काडेपेटीएवढा. आत व्हायोलिन भरून आणलंय, मला आवडतं म्हणून. म्हणाले, आई, संध्याकाळी आम्ही दोघं बोलत बसतो तेव्हा तू हे ऐकत बस. आम्हाला या घरात कुजबुजायचीसुद्धा सोय राहिलेली नाही. नदीपलीकडे एक फ्लॅट बघून ठेवलाय. महिनाअखेर घरमालकाला हो की नाही ते कळवायचंय. जायची हौस नाही गं, पण हे असंच चाललं तर जाऊ.

जातायत! लहानपणी शेजारच्या गल्लीत जायचं तर माझं बोट सोडवत नव्हतं.

मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी केली, शेवटची कित्येक वर्षं सुपरवायझर म्हणून. शहरातली निम्मी बोलणी या हातांनी जोडली. मला लोकांच्या बोलण्यात रस असता तर केव्हाच वेड लागलं असतं. आमच्या ह्यांनी कधी एका शब्दाने तक्रार केली नाही. ह्यांचं कानाचं मशीन मात्र संध्याकाळी मी घरी आले की नेमकं बंद पडायचं. तेव्हाची मशिनं तशीच होती.

असो. प्रयोग मान्य केला. महिनाअखेर दोघं इथेच असतील. लिहून ठेवते.

४ मार्च, संध्याकाळ

प्रयोग सुरू. प्लेअरबरोबर आलेली बोंडं कानात घातली. डावं पडलं. ते बसवलं तर उजवं पडलं. माणसाचा कान न बघता कारखाने काढतात. ही बोंडं जागेवर राहायला दोन्ही हातांनी धरून बसावं लागतं. मग चहाचा कप कुणी धरायचा?

बोंडं अशी पडलेली असताना कानावर आलं की नदीपलीकडच्या फ्लॅटला पडदे केवढे लागतील यावर दोघांचा वाद चाललाय. मी फक्त एवढंच म्हटलं की कापड खिडकीच्या दीडपट घ्यावं, नाहीतर चुण्या पडत नाहीत. चिरंजीव म्हणाले, आई, आज पहिलाच दिवस आहे ना?

दोष बोंडांचा. तसं स्पष्ट सांगितलं. स्वस्तातले, न टोचणारे, न घसरणारे हेडफोन मिळाले की विषय संपला. उद्या दुकान.

५ मार्च

दुकानदार म्हणाला, बोला आजी, कसे दाखवू? मी म्हटलं, आजी म्हणायचं तर फुकट द्या. मॅडम म्हणाला.

कम्फर्टेबल हवेत, म्हटलं. म्हणजे? म्हणजे डोक्यावर काही आहे हे कळू नये. अंबाड्यात अडकू नयेत. कानाला घाम येऊ नये. बाहेरचं जरुरीपुरतं ऐकू यावं. आणि किंमत अशी असावी की घेतल्याची चुटपुट लागू नये. तो म्हणाला, मॅडम, असे कुठे मिळाले तर माझ्यासाठीही एक घ्या.

काचेच्या कपाटात एक जोडी होती. तिच्या किमतीत मी पहिला फ्रिज घेतला होता, आणि तो अजून चालतो. स्पंजवाले हलके हेडफोन घेतले.

७ मार्च

स्पंज कानाला चावतो. शिवाय बाहेर गळतो. म्हणजे आवाज. सूनबाई म्हणाली, आई, तुमचं व्हायोलिन आम्हाला पार गॅलरीत ऐकू येतंय. मी म्हटलं, मग माझं तुम्ही ऐकलेलं चालतं वाटतं? चिरंजीव हसले. ती नाही हसली.

तिला विनोद कळत नाही. बाकी मुलगी चांगली आहे. भाजी अगदी एकसारखी चिरते.

८ मार्च

स्पंज परत केला. दुकानदार म्हणाला, वापरलेला माल परत घेत नाही. मी फक्त बघितलं त्याच्याकडे. घेतला.

त्याने मग एक मोठे गादीवाले हेडफोन काढले, बिनवायरचे, सवलतीत. नॉइज कॅन्सलेशन म्हणे. बाहेरचा आवाजच खाऊन टाकतात. दोन दिवस वापरून बघा, पटले तर पैसे द्या. गिऱ्हाईकाशी असं वागावं.

९ मार्च

भयंकर वस्तू.

कानाला लावली आणि घर गेलं. पंखा गेला, नळ गेला, रस्ता गेला. माझीच गिळण्याची क्रिया तेवढी ऐकू येत होती. घर जागेवर आहे ना बघायला काढले. होतं. परत लावले. परत काढले. चिरंजीव वर्तमानपत्रामागून बघत होते. म्हणाले, आई, एक गाणं तरी पुरं होऊ दे.

दूध उतू गेलं. आजवर माझ्या घरात दूध उतू गेलेलं नाही. दूध वर यायच्या आधी पातेलं एक प्रकारचा श्वास घेतं, तो मला कुठूनही कळतो. आज नाही कळला. दारावर कुरिअरवाला येऊन निघून गेला. सूनबाईचं पार्सल होतं. ती ओटा पुसत राहिली. मी हेडफोन दुकानात नेऊन आपटले. दुकानदार म्हणाला, मॅडम, हे त्यांचं कामच आहे. मी म्हटलं, काम करावं, पण इतकं नाही.

११ मार्च

उपाय सापडला. इतकी वर्षं डोळ्यासमोर होता.

एक्स्चेंजमध्ये हेडसेट एकाच कानावर असायचा. एका कानात लाइन, दुसऱ्या कानात हॉल. कुणाच्या बोर्डावर दिवा लागून राहिलाय, कोण गिऱ्हाइकावर खेकसतंय, कोण गप्पा छाटतंय, सगळं मोकळ्या कानाला. मी रांगेमागून चालत असले की मुली मान न वळवता ताठ बसायच्या. दोन्ही कान झाकणं ही मुळात माणसाला शोभणारी गोष्टच नाही. हेडफोनमध्ये दोष नव्हता, लावण्याच्या पद्धतीत होता.

नवे साधे वायरवाले घेतले. उजवा कानावर, डावा कानामागे केसांत. ताबडतोब आराम. सूनबाईने विचारलं, एक कान उघडा का? म्हटलं, हवा लागायला.

१२ मार्च

एक निरीक्षण. डोक्यावर हेडफोन असले की लोक मोकळेपणाने बोलतात. माझ्या समोर. अगदी तोंड भरून. जणू मी बाहेरगावी गेले आहे.

१३ मार्च

आज व्हायोलिन लावलंच नाही. सारखं चार्जिंग केलं की बॅटरी खराब होते असं वाचलंय. नुसते हेडफोन लावून बसले. सवय होणं महत्त्वाचं.

चिरंजीव तिला म्हणाले, आई सुधारली, नाही? ती म्हणाली, खरंच सुधारल्या. कालपासून एकदाही मध्ये पडल्या नाहीत.

बघा. मी म्हटलंच होतं.

१४ मार्च

जे झालं ते जसंच्या तसं लिहिते, म्हणजे पुढे कुणी विपर्यास करायला नको.

मी माझ्या खुर्चीत. हेडफोन डोक्यावर. दोघं सोफ्यावर. चिरंजीव म्हणाले, मग कळवू का घरमालकाला, नाही म्हणून? ती म्हणाली, कळवून टाक. इथून ऑफिस जवळ पडतं. आणि तशा त्या वाईट नाहीत रे, फक्त सगळीकडे असतात. मला आतून इतकं बरं वाटलं की चेहरा कठोर ठेवायला श्रम पडले.

फोन करायचा एवढंच उरलं होतं. तर चिरंजीव म्हणतात तू कर, ती म्हणते तू कर. तूच कर, तुझी ओळख आहे. नाही, तू गोड बोलतेस. मी कुठे गोड बोलते? परवा बोललीस की. मग हसणं. मग परत तू कर. किती वेळ! कामाचं एक वाक्य आणि त्याला हा एवढा पसारा! ट्रंक कॉलवर तीन मिनिटं झाली की ऑपरेटरने मध्ये बोलायचं असतं, हा नियम. प्रेम चाललेलं असो, भांडण असो, नियम म्हणजे नियम.

माझ्या तोंडून गेलं, तीन मिनिटं झाली, वाढवू का?

चांगल्या मोठ्या आवाजात गेलं. कानावर काही असलं की आवाज वर जातो, ते शास्त्र आहे.

सूनबाईने माझ्या कानापासून वायर बघायला सुरुवात केली. खांद्यावरून, कोपरावरून, मांडीपर्यंत. मांडीवर वायर संपली. प्लेअर आतल्या खोलीत टेबलावर होता.

मी म्हटलं, बॅटरी वाचवत होते.

ती उठून आत गेली. चिरंजीव म्हणाले, आई, आई. दोनदाच.

फोन कुणीच केला नाही.

१६ मार्च

घरात बोलणं बंद. माझ्याशी चालू आहे, एकमेकांशी बंद. बोलायचं असलं की दोघं फिरायला जातात. इतका व्यायाम या घरात कधी झालेला नाही.

१७ मार्च

जेवताना दोघं समोरासमोर बसून मोबाइलवर एकमेकांना लिहीत होते. ती लिहिते, याचा मोबाइल थरथरतो, हा हसतो, हा लिहितो. आवाज नाही! ओठसुद्धा हलत नाहीत. असं बोलण्याला काही अर्थ आहे का? मी म्हटलं, बोला की मोकळेपणाने, मी काही ऐकत नाही. दोघांनी मोबाइल उलटे ठेवले.

भूक लागली नाही. जिन्यापर्यंत जाऊन आले. परत जाऊन आले.

१८ मार्च

सात नंबरचा फोन. एक्स्चेंजमध्ये ती सातव्या बोर्डावर बसायची, अजून तेच नाव. अजून मला सुपरवायझरबाई म्हणते. मुलगी वेगळी राहायला गेल्यापासून एकटी असते. म्हणाली, बाई, मी आता कस्टमर केअरला फोन लावते. सगळं व्यवस्थित चालू असतं, पण काहीतरी तक्रार काढते. पलीकडची मुलगी विचारते, आणखी काही मदत करू का, तेव्हा असं वाटतं की काढावं अजून काहीतरी.

मी तिला झापलं. म्हटलं, लाइन अडवू नये.

तिच्या मुलीचं आणि तिचं पहिल्यापासून पटत नव्हतं. आमचं तसं नाही. अजिबात तसं नाही.

१९ मार्च

ठराव. महिना संपायला अवकाश आहे. आता प्रयोग सचोटीने. दोन्ही कान. प्लग जागेवर. व्हायोलिन चालू. फक्त त्यासाठी हेडफोन योग्य हवेत. आतापर्यंत जे झालं ते चुकीच्या हेडफोनमुळे झालं हे कुणीही कबूल करेल.

पाच दुकानं फिरले. एकाचे आवळतात. एकाचे डोळ्यावर येतात. एकाने विचारलं, गेम खेळता का? एकाने हिरवे दिवे लागणारे दाखवले. डोक्यावर दिवे लावून मी कुठे जाणार?

२१ मार्च

पहिल्याच दुकानात परत गेले. दुकानदार मला बघून शिडी घेऊन आला. वरच्या फळीवरून रंग उडालेलं एक खोकं काढलं. जुना माल, आता कुणी विचारत नाही म्हणून जवळजवळ देऊन टाकतोय, म्हणाला. कापडी कुशन. पातळ पट्टी. कुणी डोक्यावर हात ठेवावा एवढंच वजन. अंबाड्याच्या वरून अलगद जातात.

मी दोष शोधत अर्धा तास दुकानात उभी राहिले. सापडला नाही. मनाला फार लागलं.

२२ मार्च, दुपार

घरी कुणी नसताना चाचणी. दोन्ही कान. सुरुवातीला उठून दोनदा दार बघितलं. मग बसले.

लाइन अतिशय स्वच्छ. कुठे खरखर नाही. वाजवणारा व्हायोलिनवर बो टेकवायच्या आधी श्वास घेतो, तोसुद्धा येतो. कॉलेजात होते तेव्हा हॉस्टेलच्या खोलीतल्या मैत्रिणीच्या रेडिओवर हेच ऐकायचे, रेडिओ आणि कान दोन्ही उशीखाली घेऊन, बाकीच्यांना त्रास नको म्हणून. मग नोकरी लागली. त्यानंतर कानात नुसते हॅलो.

डोळे मिटले गेले. चाचणी म्हणूनच.

२४ मार्च

विजय.

संध्याकाळी दोघांच्या देखत हेडफोन लावले. दोन्ही कानांवर. प्लग सूनबाईला दिसेल असा प्लेअरमध्ये खटकन बसवला. आवाज पुरेसा ठेवला. पहिल्या काही मिनिटांत हात दोनदा वर गेला, मी तो परत मांडीवर ठेवला. मग गरज उरली नाही. ते सोफ्यावर बसलेत हेसुद्धा विसरले.

मध्येच डोळे उघडले तर दोघं माझ्यासमोर उभे. चिरंजीव काहीतरी बोलत होते. बरंच बोलत होते, हात चोळत. मग तीही बोलली. मला ताबडतोब समजलं. परीक्षा! मी हेडफोन काढते का हे बघायला आलेत. एकदा पकडल्या गेलेल्या माणसाची अशीच परीक्षा घेतात. मी काढले नाहीत. हसले. मान डोलावली. चिरंजिवांनी पुन्हा काही विचारलं, मी पुन्हा चांगली दोनदा डोलावली, आणि चालू द्या तुमचं अशा अर्थाने हात हलवला. व्हायोलिन तेव्हा अगदी वरच्या सुरांत होतं.

सूनबाईने वाकून माझ्या गळ्यात हात टाकले. लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदा. डोळे भरले होते तिचे. मी तिच्या पाठीवर थोपटलं. मुलीला आपली चूक कळली म्हणायची.

पहिल्या वर्गात पास. फ्लॅटचा विषय संपला.

२५ मार्च

त्यांच्या खोलीला रंग द्यायचं ठरवलंय. निळसर. सांगणार नाही, एकदम माणूस बोलावीन.

दुपारी दारात खोकी येऊन पडली, पुठ्ठ्याची, घडी केलेली. अडगळ काढायची ठरवलेली दिसते. चांगली सवय लागतेय.

२५ मार्च, संध्याकाळ

चिरंजीव पुस्तकं खोक्यात भरत होते. मी म्हटलं, ही कशाला काढताय, रंगाच्या वेळी झाकून ठेवू. म्हणाले, कसला रंग?

मग सगळं कळलं. काल दोघांनी मला विचारलं होतं. मोबाइलवर लिहून लिहून ठरवलं होतं म्हणे, की असं लपूनछपून नको, आईला सरळ विचारायचं. आई, आम्ही जाऊ का? तुला एकटीला जड जाणार असेल तर सांग, आत्ता नाही कळवतो, पुन्हा विषय काढणार नाही. आणि मी हसले. मान डोलावली. पुन्हा विचारलं, नक्की ना? तर मी दोनदा डोलावली, वर हात हलवून निरोप दिला.

सूनबाई फोनवर तिच्या आईला सांगत होती, अगं, मला वाटलं रडतील, ओरडतील. किती मोठं मन आहे. आम्ही तर थांबायच्या तयारीने गेलो होतो.

हे मी ऐकलं नाही. कानावर पडलं.

माझ्या तोंडाशी आलं होतं. पण काय सांगणार होते? की मला ऐकू आलं नाही? मला? महिनाभर जिचे कान या घराला पुरून उरले, तिने सांगायचं की समोर उभं राहून बोललेलं कळलं नाही, व्हायोलिन ऐकत होते? कोण विश्वास ठेवेल? आणि ठेवला तर नंतर माझ्या शब्दाला या घरात किंमत काय?

म्हटलं, मी पूर्ण विचार करूनच हो म्हटलंय. काचेची भांडी कागदात गुंडाळा.

३१ मार्च

टेम्पो सकाळी आला. सामान चढवायची पद्धत चूक होती, जड खाली असायला हवं, ते मी सांगितलं. ड्रायव्हरने ऐकलं. पडद्यांचं कापड दीडपटच घेतलंय असं सूनबाईने आवर्जून दाखवलं. चिरंजीव म्हणाले, रविवारी येऊ. आणि हेडफोन लावून बस हां आई, त्या दिवशी किती शांत दिसत होतीस.

एकंदर सगळं माझ्या देखरेखीखाली सुरळीत पार पडलं. निर्णय माझाच होता, त्यामुळे त्रास व्हायचा प्रश्न नाही.

१ एप्रिल

नळ घट्ट बंद केला. तरी परत जाऊन बघितला. बंदच होता.

सात नंबरला फोन केला. एंगेज. कस्टमर केअरशी बोलत असणार.

२ एप्रिल

हेडफोन परत करायला गेले. दुकानदाराने उलटसुलट करून बघितले. काय बिघाड आहे, विचारलं. आवळतात का? नाही, म्हटलं. टोचतात? नाही. एका बाजूने आवाज कमी येतो? तसंही नाही, लावले की उत्तम ऐकू येतं. मग?

म्हटलं, काढल्यावर काही ऐकू येत नाही.

मग त्याने काउंटरच्या काचेवर टिचकी मारली. हे आलं का ऐकू? आलं. खाली वाकून, दिसणार नाही अशी, लाकडावर अगदी हळू मारली. हे? तेही आलं. रस्त्यापलीकडे कुणीतरी सायकल उभी करत होतं, तिच्या स्टँडचा आवाजही आला, तो मी त्याला न विचारता सांगितला.

म्हणाला, मग बदलून मिळणार नाहीत.

घेऊन परत आले. त्याला यातलं काही कळत नाही. उद्या दुसरं दुकान बघीन.